बिरागोचा प्रश्न आणि दोम्फे मामा

तेव्हा आमच्या आपेनक्रो गावात घरोघरी टीव्ही आले होते. तरी 'उघड बोला' हा कार्यक्रम लागायची वेळ झाली की माणसं दोम्फे मामाच्या शिवणाच्या दुकानात येऊन बसायची. कार्यक्रम चालवणारी बिरागो ही मामाची सख्खी भाची. कुमासी शहरातल्या स्टुडिओत बसून ती एखाद्या बड्या साहेबाला म्हणायची, "हे तुम्ही मागच्या वर्षीही सांगितलंत. मग झालं का नाही?" आणि इकडे मामाचा मशीनवरचा पाय थांबायचा, डोळे मिटायचे, कपाळावर घाम यायचा. "संपलं. आज हिला उचलून नेतात," असं तो पुटपुटायचा. लोक पडद्याकडे कमी आणि मामाकडे जास्त बघायचे. फुकटात दोन कार्यक्रम!

मामा भित्रा होता आणि हे तो स्वतःच सांगायचा. पोलिसाच्या गणवेशाला काजं करायचं काम आलं की काजं वाकडी व्हायची. पण घराण्यात सगळ्यांत वडील पुरुष तोच उरला होता, त्यामुळे कारभारीपण त्याच्या गळ्यात पडलं होतं. लग्न असो, मयत असो, भांडण असो, पुढे व्हायचं मामाने. आमच्याकडे घराणं आईकडून चालतं. मुलगी चुकली की बाप हात वर करून मोकळा होतो, मामाला ती सोय नाही. आणि बिरागोने त्याला लहानपणापासून पुढे व्हायला भरपूर संधी दिली होती.

बिरागोची आई अफ्राकोमा ही मामाची थोरली बहीण. ती बाजारात धुरावलेले मासे विकायची. तिचा आवाज मोठा, पण तो माशांपुरता. पोरीने तो आवाज उचलला आणि भलत्याच ठिकाणी वापरला. शाळेचे हेडमास्तर ऐन तासाच्या वेळी पोरांना स्वतःच्या कसाव्याच्या शेतात तण काढायला न्यायचे. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव मूग गिळून होतं. एके सकाळी प्रार्थना झाल्यावर बिरागोने हात वर केला. "गुरुजी, ते शेत शाळेचं की तुमचं?"

मामाला शाळेत बोलावणं आलं. त्याने भाचीच्या वतीने इतकी माफी मागितली, की शेवटी हेडमास्तरच कंटाळले. घरी येताना तो म्हणाला, "अगं, जे माहीत आहे ते कशाला विचारायचं?" पोर म्हणाली, "त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं." पोरांना शेतावर न्यायचं मात्र त्या दिवसापासून बंद झालं. ही गोष्ट सांगताना मामा हे शेवटचं वाक्य जरा हळू आवाजात सांगायचा, पण सांगितल्याशिवाय राहायचा नाही.

पुढे कुमासीच्या एका रेडिओवर तिला काम लागलं ते मयताच्या जाहिराती वाचायचं. कोण गेलं, मागे कोण कोण आहे, दफन कधी, कोणत्या रंगाचं कापड नेसून यायचं, हे सगळं संथ सुरात वाचायचं. मामाला वाटलं, सुटलो. मेलेल्या माणसांशी काय भांडणार? वर्षभर बरं चाललं. मग एका बाळंतिणीची जाहिरात आली. बिरागोने नाव वाचलं, वय वाचलं, मागे राहिलेल्यांची नावं वाचली, आणि कागदावर नसलेलं एक वाक्य त्याच संथ सुरात वाचलं: "रुग्णालयाच्या गाडीत तेल नव्हतं म्हणून ही बाई दारातच गेली." दुपारपर्यंत तिची नोकरी गेली. पण त्या गाडीत तेल कधी नसतं आणि का नसतं हे विचारायला सारं शहर रेडिओला फोन करत राहिलं, आणि महिन्याभरात एका टीव्ही वाहिनीच्या मालकाने तिला बोलावून घेतलं. माणूस धंदेवाईक होता. ज्या बाईमुळे एवढे फोन येतात, ती आपल्याकडे असलेली बरी, एवढंच त्याचं गणित.

तिथे बिरागोची बिरागो झाली. तिचा एकच नियम होता. पाहुणा इंग्रजीचे बुडबुडे सोडायला लागला की ती त्याला हाताने थांबवायची. "साहेब, माझी आई बघतेय. ती मासे विकते. तिला कळेल असं सांगा." आणि उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न, त्याच शब्दांत, न चिडता पुन्हा. रस्ते खात्याचा एक साहेब त्याच त्या प्रश्नाला वैतागून उठून चालता झाला. मात्र शर्टाला अडकवलेला माईक तसाच राहिला, आणि जिन्यात त्याने आपल्या मंत्र्याला घातलेल्या शिव्या साऱ्या देशाने ऐकल्या. रस्ता झाला. साहेबाची बदली झाली. त्या दिवशी मामाच्या दुकानात लोकांनी हसून हसून बाक मोडला.

तिला हे फुकट पडलं नाही. नवरा म्हणाला, घरीही तू मुलाखतच घेतेस, आणि निघून गेला. गाडीची काच दोनदा फुटली. जाहिरातदार पळाले, परत आले, पुन्हा पळाले. मामा फोनवर म्हणायचा, "पोरी, जरा गोड बोलून विचारावं माणसाने."

"गोड बोलायला ओक्येआमे आहेत ना मामा. मला कशाला त्यांचं काम?"

ओक्येआमे म्हणजे राजाची वाणी. दरबारात नानांशी, म्हणजे गावच्या राजाशी, कोणी थेट बोलत नाही. बोलायचं ते हातात सोनेरी मुठीची काठी घेतलेल्या ओक्येआमेशी. मग तो ते शब्द घासूनपुसून, गोड करून नानांच्या कानी घालतो, आणि नाना जे कुजबुजतात तेही तोच सजवून माणसांना ऐकवतो. आमचा ओक्येआमे पेप्रा हा मामाच्या बरोबरीचा, एका बाकावर बसून शिकलेला. त्याची ख्याती अशी की शिवी आत गेली तर आशीर्वाद होऊन बाहेर येते.

आता बाजाराचं सांगतो. आपेनक्रोचा बाजार चांगला मोठा होता, टिनाच्या छपराचा, मध्ये जुनं ओडुमचं झाड. तीन वर्षांपूर्वी नाना अमोआतेंगनी तो पाडायला लावला. नवा पक्का बाजार होणार, दुमजली, असं दवंडी देऊन सांगितलं. जागेला कुंपण पडलं. पुढे कुंपणाआड टाक्या आल्या, आणि एका सकाळी लोकांनी बघितलं तर पेट्रोल पंप! बायका हमरस्त्याच्या कडेला बसू लागल्या. लाकडं भरलेल्या लॉऱ्या अंगाजवळून जायच्या, धुळीने मासे लाल व्हायचे. अफ्राकोमाला तिथेच खोकला लागला. कोणी काही विचारलं नाही. राजाची जमीन, राजाचं गाव, आणि प्रत्येकाचं घर राजाच्याच जमिनीवर.

पंप आला त्या वर्षी सणाच्या दिवशी बिरागो कॅमेरा घेऊन गावात आली. कार्यक्रम थेट चालला होता. मोठ्या छत्रीखाली नाना येऊन बसले, नगारे थांबले, आणि ती माणसांतून वाट काढत थेट पुढे गेली. पायात बूट. उजव्या हातात गुंतलेली वायर, म्हणून माईक डाव्या हातात. तो तिने नानांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "नाना, आमचा बाजार कुठे आहे?"

राजासमोर बूट, राजाकडे डावा हात, आणि राजाशी थेट तोंड! पेप्राची काठी अर्धवट उचललेली तशीच राहिली. नाना तसेच उठले आणि गेले. मामा तेव्हा मंडपात मागच्या खुर्चीवर होता. त्याला घरी दोघांनी धरून नेलं.

अफ्राकोमा मात्र घरी लेकीवर कडाडली. "डावा हात! मी तुला हेच शिकवलं? आणि बूट! आणि ओक्येआमे काय मेला होता?"

"आणि प्रश्न?" बिरागोने विचारलं.

"प्रश्नाला काय झालंय? प्रश्न चांगला होता. त्याची तूच माती केलीस," असं म्हणून ती खोकत आत गेली.

दरबाराचं बोलावणं आलं. दंड म्हणून मेंढा, दारूच्या दोन बाटल्या, आणि सर्वांसमोर माफी. बिरागो कुमासीहून म्हणाली, "मी प्रश्न विचारला, कोणाची बकरी नाही चोरली." तेही टीव्हीवर म्हणाली. मामाने दरबारात जाऊन ती आजारी आहे, ती कामात आहे, ती परदेशी जाणार आहे, असं काय काय सांगून दिवस काढले. वर्ष गेलं. आणि पावसाळा सरता सरता अफ्राकोमा वारली.

जाण्यापूर्वी तिने भावाकडे एकच मागणं मागितलं होतं, "मला आईशेजारी ठेवा." आपेनक्रोच्या दफनभूमीत, चिकूच्या झाडाखाली, तिच्या आईची कबर आहे. मामाने हो म्हटलं होतं. देह कुमासीच्या शवागारात ठेवला, आणि रीतीप्रमाणे मामा दफनाची परवानगी मागायला राजवाड्यावर गेला. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. ज्या घरावर दरबाराचा राग आहे, त्या घरासाठी आपेनक्रोची माती खणता येत नाही. आधी लेकीची माफी, मग आईचं दफन.

बिरागोला फोन करायचा धीर त्याला झाला नाही. तो बसने कुमासीला गेला आणि स्टुडिओच्या बाहेर तिच्यासमोर उभा राहिला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मामा, माफी मागेन. बुटांची मागेन, हाताची मागेन. आई म्हणालीच होती."

मामाच्या जिवात जीव आला. "एवढंच तर हवंय!"

"प्रश्न परत घेणार नाही."

"तो कोणी मागितलाच नाही गं! बाटली फोडून पूर्वजांच्या नावाने दारू ओतली की सगळं मिटलं. मिटलेलं पुन्हा कोणी काढायचं नाही, आपल्या घराण्यातल्या कोणीच नाही, कधीच नाही. अशी रीतच आहे. पेप्रानेच सांगितलं मला." मामा हे सांगताना खूश होता. कायमचं मिटणार, याहून चांगलं काय?

बिरागोने स्टुडिओच्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे आईबरोबर बाजारही पुरायचा."

"असं नको बोलूस."

"मग काय बोलू? माझ्या आईला जागा मिळावी म्हणून मी बाजारच्या बायकांची जागा कायमची सोडायची. हाच सौदा आहे ना?"

"सौदा काय, सौदा!" मामाचा आवाज चढला, त्यालाच नवल वाटलं. "तुझी आई त्या थंड कपाटात पडलीय. तुला कोणी टाळ्या वाजवतं म्हणून तिला तिथेच ठेवणार आहेस? तुझ्या सगळ्या शहाणपणापुढे ती बाई फक्त एक खड्डा मागतेय."

हे तिला लागलं. तिने मान वळवली. बोलण्यात मामाने तिला गप्प केलं असं पहिल्यांदाच झालं, आणि त्याचा त्याला काडीचा आनंद झाला नाही.

"येते मी शुक्रवारी," ती म्हणाली. "मेंढा तू बघ. बाटल्या मी आणते."

शुक्रवारी राजवाड्याच्या चौकात गाव लोटलं होतं. बाजारच्या बायका सुतकाची काळी-तांबडी कापडं नेसून एका बाजूला उभ्या होत्या. कॅमेऱ्याला मज्जाव होता. बिरागोबरोबर नेहमी असणारा कॅमेरावाला ओबेंगही रिकाम्या हातांनी आला होता आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. वर ओट्यावर नाना, दोन्हीकडे पंच, पुढे पेप्रा काठी टेकून. मामाने चपला बाहेर काढल्या, रीतीप्रमाणे मान देत खांद्यावरचं कापड खाली ओढलं आणि भाचीकडे बघितलं. ती अनवाणी होती. काळं कापड नेसून, मान खाली घालून ती उभी राहिली तेव्हा त्याला ती प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरीसारखी दिसली. त्याला बरं वाटण्याऐवजी धडकीच भरली, कारण त्या रांगेत पुढे काय झालं होतं ते त्याला माहीत होतं.

"ओक्येआमे," ती म्हणाली, "नानांच्या कानी घाला. मी पायात बूट घालून त्यांच्यापुढे आले. चुकले."

पेप्राने काठी आपटली. "नाना, ही लेक म्हणते, तुमच्या दर्शनाच्या ओढीत पायातलं काढायचं भान राहिलं नाही." पंचांनी माना डोलावल्या.

"मी डावा हात पुढे केला. चुकले."

"नाना, लेक म्हणते, उजवा हात गावाच्याच कामात गुंतला होता."

"मी तुम्हाला डावलून नानांशी बोलले. चुकले."

"लेक म्हणते, तिला वाटलं नाना बापासारखे, आणि बापाशी लेक थेट बोलली."

चौकात कोणीतरी खुदकन हसलं. नानांच्या तोंडाची घडीही जराशी सैल झाली. मामाने मनात म्हटलं, पेप्रा, तुझ्या जिभेला सोन्याने मढवायला हवं. त्याने वाकून एक बाटली उचलली. एवढ्यात एक पंच म्हणाला, "आणि तो प्रश्न?"

"त्यात काय चुकलं ते मला दाखवा," बिरागो म्हणाली. "दाखवलंत तर त्याचीही माफी मागते."

पंच एकमेकांकडे बघू लागले. दाखवायचं म्हणजे बाजार कुठे आहे ते आधी सांगायला हवं. दुसरा पंच घाईने म्हणाला, "राहू दे, राहू दे. बाटली फोडा."

"थांबा," बिरागो म्हणाली.

मामा वाकलेलाच राहिला. त्याने तिच्या कापडाचं टोक धरून ओढलं. "अगं, झालं की! झालंय ना सगळं! आईचा तरी विचार कर!"

तिने कापडाचं टोक सोडवून घेतलं. "आईचाच करतेय, मामा." मग उजवा हात पुढे करून ती पेप्राकडे वळली. "बाटली फुटली की विचारता येणार नाही, म्हणून आताच विचारते. रीतीने विचारते. ओक्येआमे, नानांच्या कानी घाला. आमचा बाजार कुठे आहे?"

सारा चौक पेप्राच्या तोंडाकडे बघू लागला. आता तो याचं काय करतो? पेप्राने काठी उचलली. "नाना, ही लेक विचारते..." तो थांबला. त्याने ओठ ओले केले. त्याची नजर बायकांच्या घोळक्यावर गेली आणि परत आली. "नाना, बाजार कुठे आहे, असं विचारते," तो म्हणाला आणि काठी टेकली. यात गोड करण्यासारखं त्याला काहीच सापडलं नाही.

नाना पुढे झुकले आणि बराच वेळ कुजबुजले. पेप्राने ऐकून घेतलं.

"नाना म्हणतात, हा प्रश्न कुमासीच्या टीव्हीचा आहे. टीव्ही आज येतो, उद्या जातो. आपेनक्रोतलं कोण विचारतं? विचारणाऱ्याने पुढे यावं. गावातलं कोणी विचारत नसेल, तर ही बाई गावात भांडण लावायला आली आहे, आणि अशा माणसाच्या हातून दरबार दारू घेणार नाही."

मामाला पुढचं सगळं एका दमात दिसलं. दारू नाही म्हणजे परवानगी नाही. ताई त्या कपाटातच. त्याने बायकांकडे बघितलं. मासेवाल्या, टोमॅटोवाल्या, केळीवाल्या, सगळ्या ताईच्या मैत्रिणी. त्यांच्या माना खाली गेल्या होत्या. त्यांना तो दोष देईना. प्रत्येकीचं छप्पर राजाच्या जमिनीवर होतं. त्याचंही होतं, दुकानही होतं. बिरागो त्या बायकांकडे बघत उभी होती, आणि जिच्यापुढे साहेब लोक पळून जायचे तिच्या तोंडावर आता एकटं पडलेल्या माणसाची कळा आली होती. ती कोणाला पुढे ये म्हणणार नाही, हेही मामाला कळलं. तिने आजवर सगळं स्वतःच्याच अंगावर घेतलं होतं.

मामाला धूळ आठवली. त्याच्या दुकानासमोरच ताई बसायची. लॉरी गेली की ती पदर तोंडावर धरायची, माशांवर नाही. मग लगेच माशांवर धरायची, तोंडावर नाही. दोन्ही झाकायला तो पदर कधी पुरला नाही.

आपण काय करतोय हे त्याला कळायच्या आत त्याने बाटली खाली ठेवली होती. पुन्हा खांद्यावर आलेलं कापड त्याने खाली ओढलं. तोंडातून आवाज निघाला तो अगदी बारीक, सुई पडावी तसा.

"पेप्रा... ओक्येआमे. नानांना सांग, दोम्फे विचारतो."

"कोण?" एक पंच म्हणाला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

"दोम्फे!" मामा ओरडला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. "शिंपी! अफ्राकोमाचा भाऊ! हिच्या घराण्याचा कारभारी! मी आपेनक्रोतच जन्मलो, आपेनक्रोतच मरणार आहे, मला कुठल्याही टीव्हीने पाठवलेलं नाही. आमचा बाजार कुठे आहे?"

बिरागोने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू हा माणूस तिला आज पहिल्यांदाच भेटत होता.

पेप्राने काठी आपटली, नेहमीपेक्षा जोरात. "नाना, घराण्याचा कारभारी विचारतो. गावाचा माणूस विचारतो. बाजार कुठे आहे?"

कारभाऱ्याने दरबारात विचारलेल्याला उत्तर न देता राजाला उठता येत नाही. तेवढी रीत लहान पोरांनाही ठाऊक असते. नानांनी एकदा पंचांकडे, एकदा मामाकडे बघितलं. अखेर त्यांनी पेप्राला जवळ बोलावलं. कुजबुज या वेळी लहानशीच झाली. पेप्रा सरळ उभा राहिला आणि एक शब्दही न सजवता म्हणाला:

"नाना म्हणतात, जागा त्यांनी दिली. कोणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पंपाचे कागद झालेत, ते फिरणार नाहीत. लॉरीतळामागची केळीची बाग नानांची स्वतःची आहे. ती बायकांनी घ्यावी."

बायकांतून एक आवाज उठला, कोणाचा ते कळलं नाही, आणि मग सगळ्यांचा मिळून एकच.

"कधीपासून?" बिरागोने विचारलं.

"ए बये!" पेप्रा काठीसकट तिच्यावर वळला. "एका दिवसात किती विचारशील?" सारा चौक हसला. नानाही हसले, आणि त्यांनी पंचांना खूण केली. बाटली फुटली. दारू जमिनीवर ओतली गेली, पूर्वजांची नावं घेतली गेली, त्यांत अफ्राकोमाचं नावही होतं. खणायला माणसं पाठवा, असं पेप्राने सांगितलं. "आणि बाग उद्यापासून," हे त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं.

बाहेर आल्यावर मामा राजवाड्याच्या पायरीवर बसला. चपला समोर होत्या, पण त्यांत पाय घालायचं त्राण नव्हतं. बिरागो त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि गावासमोर, बाजारच्या बायकांसमोर, तिने एकेक चप्पल त्याच्या पायात घातली. कोणापुढे न वाकणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आई गेल्यापासून ती रडली नव्हती, तिला तेवढी फुरसत कोणी दिलीच नव्हती.

"आता रड, पोरी," मामा म्हणाला. "आईला जागा मिळाली."

आणि ती तिथेच, त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून, मोठ्याने रडली.